विंजाना गॉर्ज आणि टनल क्रीक: दुपार गुहेत, सकाळ घळीत

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागात मुलांना घेऊन जायचं आणि गुहा, घळ, मगरी हे सगळं दोन दिवसांत बसवायचं, तर डर्बी ते फिट्झरॉय क्रॉसिंग हा आतला रस्ता घ्यावा. या रस्त्यावर दोन राष्ट्रीय उद्यानं एकमेकांपासून ३५ किलोमीटरवर आहेत. पहिलं विंजाना गॉर्ज, ही घळ. तिथल्या बुनुबा लोकांच्या भाषेत बांदिलंगन. दुसरं टनल क्रीक, म्हणजे दिमालुरू, ही गुहा. गुहेला पाचपैकी पाच, घळीला चार आणि रस्त्याला जेमतेम दोन गुण. घळीचा कापलेला एक गुण खरं तर लोकांच्या वेळापत्रकाचा आहे. डर्बीहून निघालेल्या बहुतेक गाड्या भर दुपारी घळीत पोहोचतात आणि गुहा संध्याकाळच्या घाईत उरकतात. क्रम उलटा केला की ही सहल वेगळीच होते.

कारण साधं आहे. घळीच्या भिंती चुनखडीच्या आणि ३० ते १०० मीटर उंच. दुपारी त्या तापतात, वाळूही तापते, आणि आत वाऱ्याची झुळूक क्वचितच येते. टनल क्रीकमध्ये मात्र भर बाराला गारवा असतो. म्हणून डर्बीहून पहाटे निघावं, विंजानाच्या कॅम्पवर तंबू ठोकावा, दुपारी गुहा करून चारच्या आत परत यावं. तासभर घळीचा सुरुवातीचा भाग पाहावा आणि पूर्ण चाल दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर करावी. यात ३५ किलोमीटरचा खडबडीत टप्पा तीनदा पार करावा लागतो, हा तोटा मान्य. पण तापलेल्या घळीत रडवेल्या मुलांना ओढत नेण्यापेक्षा तो परवडतो. सिडनी-मेलबर्नकडून येणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: जून-जुलैत इथे सूर्य साडेपाचच्या आसपास मावळतो.

टनल क्रीक म्हणजे नेपियर डोंगररांगेच्या पोटातून ओढ्याने कोरलेला ७५० मीटरचा बोगदा. तोंडाशीच मोठमोठ्या शिळा आहेत, त्यांच्या फटीतून वाकून, हात टेकत उतरावं लागतं. लहान मुलांसाठी सगळ्यात अवघड जागा हीच. एक मोठा माणूस आधी खाली उतरलेला हवा. पुढे वाळू, मग पाणी. खोली मोसमाप्रमाणे आणि जागेप्रमाणे बदलते, कुठे घोटाभर, कुठे मांडीभर, मोसमाच्या सुरुवातीला त्याहून जास्त. साधारण मध्यावर छत कोसळलेलं आहे, तिथे वरून ऊन येतं आणि झाडांची मुळं लोंबताना दिसतात. मुलं दमली असतील तर इथूनच परत फिरावं, फार काही हुकत नाही. पलीकडच्या तोंडापर्यंत गेलात तर खडकावरची जुनी चित्रं दिसतात. त्यांना हात लावू नये. जाऊन-येऊन दीड ते दोन तास धरावेत.

माणशी एक हेडटॉर्च हवाच, मोबाइलचा उजेड कामाचा नाही. शिळांवर दोन्ही हात लागतात, आणि मोबाइल पाण्यात पडतोही. पायात घट्ट बसणारे जुने बूट घालावेत. साध्या चपला चिखलात रुतून निघतात आणि तळाचे दगड बोटांना लागतात. छताला वटवाघळं असतात, त्यांच्यावर झोत रोखून ठेवू नये. पाण्यालगत दोन लाल ठिपके चमकले तर ते मगरीचे डोळे. गोड्या पाण्यातली एखादी मगर इथे असू शकते. तिला वाट मोकळी ठेवावी, घोळक्याने कोपऱ्यात गाठू नये.

या गुहेला इतिहासही आहे. बुनुबा योद्धा जंदामारा याने वसाहतीच्या पोलिसांविरुद्ध लढताना ही गुहा लपायला वापरली आणि १८९७ साली तो गुहेजवळच मारला गेला. मुलं आठ-दहा वर्षांची असतील तर बुनुबा वाटाड्यासोबतची सहल घ्यावी. माहितीफलक हे सगळं चार ओळींत आटोपतो.

विंजानात लेनर्ड नदीने सुमारे साडेतीन किलोमीटरची घळ कापली आहे. कोरड्या मोसमात नदीची डबकी उरतात आणि त्यांच्या काठावर मगरी ऊन खात पडलेल्या असतात. अरुंद, लांबट तोंडाची ही गोड्या पाण्यातली जात खाऱ्या पाण्यातल्या मगरीइतकी आक्रमक नाही, तरी डिवचली तर चावते. पोहायचं नाही, आणि मगर व पाणी यांच्या मधे उभं राहायचं नाही. फोटोच्या नादात लोक नेमकं हेच करतात. मगरी पाहायला पहिला किलोमीटरही पुरतो. भिंतींकडे मात्र जवळून बघा: हा डेव्होनियन काळातल्या, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या रीफचा (जीवांनी रचलेल्या खडकभित्तीचा) पट्टा आहे, आणि नीट शोधलं तर दगडात जीवाश्म सापडतात. तो प्रामुख्याने प्रवाळांनी नव्हे, तर शैवाल आणि आता नामशेष झालेल्या जीवांनी रचला. सकाळी कोरेला काकाकुव्यांचा कलकलाट इतका असतो की गजर लावायची गरज नाही.

आता रस्ता. गिब रिव्हर रोडवर डर्बीपासून सुमारे १२५ किलोमीटरवर फाटा लागतो, तिथून विंजाना २० किलोमीटर. पुढचा कच्चा भाग पन्हळी पत्र्यासारखा आहे. टायरची हवा तशीच ठेवली तर गाडी हादरून नटबोल्ट सैल होतात आणि धारदार दगडाने टायर फाटतो. साधारण पाव हिस्सा हवा कमी करावी, ३८ पीएसआय असेल तर २८ च्या आसपास, आणि वेगही कमी ठेवावा. भाड्याची गाडी फोर व्हील ड्राइव्ह असली म्हणजे झालं असं नाही. करारात कच्च्या रस्त्याची लेखी परवानगी आहे का ते बघा. पाण्यातून गाडी नेताना झालेलं नुकसान विम्यात बहुधा धरत नाहीत. अंधार पडल्यावर चालवू नये, कुंपण नसल्याने गुरं आणि कांगारू थेट रस्त्यावर येतात.

डर्बीत टाकी पूर्ण भरा. ही फेरी धरून फिट्झरॉय क्रॉसिंगपर्यंत साडेतीनशेहून जास्त किलोमीटर होतात आणि मधे पंप नाही. प्यायचं पाणी माणशी दिवसाला किमान पाच लिटर सोबत घ्या. मोबाइलला रेंज मिळेल असं धरून चालू नका. पावसाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, सगळं बंद असतं. मोसमाच्या दोन्ही टोकांना निघण्याआधी रस्ता आणि कॅम्प उघडे आहेत का हे सरकारी संकेतस्थळांवर त्याच दिवशी तपासा. कुत्र्यांना प्रवेश नाही. आणि हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर सोबत ठेवा: डांबरी महामार्गाला लागल्या लागल्या टायर पूर्ववत भरले नाहीत, तर कमी हवेवर वेगात चालवल्याने ते तापतात आणि फुटतात.