दोन नोझलचा पेल्टन संच: पाणी कमी-जास्त करण्याची सोय कितपत?

डोंगरउतारावरच्या व्हाळाच्या पाण्यावर चालणारे, एक किलोवॉट क्षमतेचे छोटे पेल्टन संच, म्हणजे नोझलच्या अरुंद तोंडातून सुटलेल्या धारेने वाट्यांचे चाक फिरवून वीज करणारे संच, विकताना किलोवॉटचा आकडा ठळक छापलेला असतो. व्हाळाचे पाणी निम्म्यावर किंवा पाव हिश्शावर आले की तोच संच कसा वागतो, याविषयी मात्र माहितीपत्रकात सहसा एक ओळही नसते. आपल्याकडच्या व्हाळांना पाणी असते ते मृगापासून फार तर शिमग्यापर्यंत, आणि त्यातही भरगच्च प्रवाह दोन-तीन महिनेच टिकतो. त्यामुळे संच घ्यायचा की नाही, हे त्यातील पाणी नियंत्रणाच्या सोयीवर ठरवावे, असे माझे मत आहे, आणि या परीक्षणात प्रामुख्याने तेवढेच पाहिले आहे. आंबोली घाटाच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या बागायतीत असा एक संच बसवलेला आहे. बनवणाऱ्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेले बहुतेक गुणदोष या घडणीचे आहेत आणि ते अशा कोणत्याही संचात तपासून पाहता येतील.

आमच्या जागेवर पाण्याची उंची, म्हणजे वरच्या टाकीपासून चाकापर्यंतचे उभे अंतर, ४० मीटर आहे. वरच्या टाकीपासून यंत्रघरापर्यंत ९० मिलिमीटरचा १५० मीटर पाइप टाकला असून पाणी थांबलेले असताना दाबमापक चौरस सेंटिमीटरला ४ किलो दाखवतो आणि पूर्ण प्रवाहात काटा ३.८ वर येतो. पितळी वाट्यांच्या चाकाचा व्यास, जेथे धार आदळते तेथे, १६० मिलिमीटर आहे. हे माप योग्य आहे: ४० मीटर उंचीची धार सेकंदाला साधारण २७ मीटर वेगाने सुटते, वाटीचा वेग धारेच्या निम्म्याहून किंचित कमी असला की पेल्टन उत्तम चालते, आणि १६० मिलिमीटरच्या चाकाला तो वेग मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या आसपास मिळतो. चार पोलची साधी इंडक्शन मोटर कपॅसिटर लावून जनित्र म्हणून जोडली आहे, त्यामुळे मध्ये पट्टा किंवा गिअर नाही. उंची वेगळी असेल तर चाकाचे माप बदलावे लागते. उंची न विचारता संच देणाऱ्याकडून तो घेऊ नये.

पाणी नियंत्रणाची मुख्य व्यवस्था म्हणजे चाकाभोवती बसवलेली दोन नोझल. प्रत्येकाच्या मागे स्वतंत्र व्हॉल्व्ह आहे, आणि ११ मिलिमीटर भोकाच्या दोन नोझलांबरोबर ८ मिलिमीटरचे एक जादा नोझल मिळते. दोन्ही मोठी नोझल चालू असताना सेकंदाला सुमारे ५ लिटर पाणी लागते आणि मीटरवर ९०० वॉटच्या आसपास वीज दिसते. एक मोठे आणि एक लहान चालवले तर ३.९ लिटर पाण्यात ७०० वॉट, एकटे मोठे चालवले तर अडीच लिटरमध्ये साडेचारशेच्या आत-बाहेर, आणि एकट्या लहान नोझलवर सव्वा लिटरपेक्षा थोड्या जास्त पाण्यात दीडशे वॉट मिळतात. शेवटच्या पायरीला उत्पादन पाण्याच्या मानाने कमी पडते, कारण जनित्राचा स्वतःचा खर्च ठरलेला असतो आणि एवढ्या थोड्या विजेत तो डोळ्यांत भरतो. तरीही दिवे, वायफाय आणि एक पंखा त्यावर चालतात. चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरलेले असताना पूर्ण वीज आणि माघात दिव्यांपुरती वीज, असा हा हिशेब कोकणातल्या वापराशी बऱ्यापैकी जुळतो.

या पायऱ्यांचे महत्त्व लक्षात यावे म्हणून एक मोजणी मुद्दाम केली. दोन्ही मोठी नोझल उघडी ठेवून फक्त मुख्य व्हॉल्व्ह अर्धवट बंद केला आणि व्हॉल्व्हच्या पुढचा दाब ३.८ वरून १.९ वर आणला. खाली पिंपात मोजलेले पाणी ५ लिटरवरून साडेतीन लिटरवर आले, परंतु वीज ९०० वॉटवरून थेट पावणेतीनशेच्या आत घसरली. याउलट मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून एकच मोठे नोझल चालवले असता अडीच लिटर पाण्यात दीडपटीहून अधिक वीज मिळाली. याचे कारण सरळ आहे. व्हॉल्व्ह अर्धवट बंद केला की उंचीमुळे मिळालेला दाब व्हॉल्व्हमध्येच खर्ची पडतो, धारेचा वेग कमी होतो, आणि चाक मात्र जनित्राच्या ठरलेल्या फेऱ्यांशी बांधलेले असल्याने वाटी आणि धार यांच्या वेगांचे प्रमाणही बिघडते. पाणी कमी करायचे असेल तर ते धारेची जाडी कमी करून करावे लागते, वेग कमी करून नव्हे. संचासोबत आलेल्या पत्रकात मात्र ‘व्हॉल्व्ह हवा तेवढा उघडून वीज नियंत्रित करावी’ असे छापले आहे. ही सूचना चुकीची आहे आणि ती पाळणाऱ्याला संच निकृष्ट आहे असेच वाटेल.

मोठ्या वीजगृहांत हेच काम नोझलच्या आत मागे-पुढे सरकणाऱ्या, टोकदार भाल्यासारख्या सुईने होते. सुई पुढे आली की धार बारीक होते, परंतु तिचा वेग जवळपास तसाच राहतो. कोयना प्रकल्पाच्या पहिल्या दोन टप्प्यांची, म्हणजे पोफळीच्या भूमिगत वीजगृहातील यंत्रे पेल्टन जातीची आहेत. अशा यंत्रांत गव्हर्नर, म्हणजे चाकाचा वेग राखणारी यंत्रणा, विजेच्या मागणीप्रमाणे सुई सतत हलवत असतो. आमच्या संचात सुई नाही, आणि हे मी उणेपण मानत नाही. सुई, तिचा दांडा आणि पाणी न गळू देणारी पॅकिंग एवढ्या लहान आकारात अचूक बनवायची तर खर्च बराच वाढतो, शिवाय गढूळ पाण्यातील वाळूने तिचे टोक झिजले की धार फुटू लागते. व्हाळाचे पाणी आठवड्यागणिक बदलते, आणि त्या बदलासाठी पान्याने नोझल बदलणे पुरेसे आहे. मात्र नोझलची चकती चार बोल्टांनी आणि पातळ रबरी वॉशरने बसवली आहे, आणि वॉशर दर वेळी चिमटून जातो. तेथे आट्यांची जोडणी दिली असती तर हे काम हातानेच झाले असते.

घरातील मागणी क्षणाक्षणाला बदलते. तिचा पाण्याशी मेळ घालण्याचे काम या संचात कंट्रोलरची पेटी करते. पाणी तेवढेच राहते. मिक्सर बंद झाला की उरलेली वीज पेटी डमी लोडकडे, म्हणजे पाण्याच्या टाकीत बुडवलेल्या गीझरच्या कॉइलकडे वळवते आणि जनित्रावरचा एकूण भार कायम राखते. हा भाग अत्यंत समाधानकारक आहे. दिवे मिचकावत नाहीत, फ्रिज सुरू होताना व्होल्टेज किंचित दबते पण लगेच सावरते, आणि आंघोळीचे पाणी आयते तापते.

खरी उणीव त्यापुढची आहे. कॉइल जळाली किंवा पेटी बंद पडली तर जनित्रावरचा भार एकदम नाहीसा होतो, आणि मोकळे सुटलेले पेल्टन चाक नेहमीच्या जवळजवळ पावणेदोन ते दोन पट वेगाने फिरू लागते. त्या वेळी पाणी झटक्यात बंद करणे धोक्याचे असल्याने धार वाटीवरून बाजूला वळवणारी पट्टी असावी लागते. ही पट्टी, म्हणजे डिफ्लेक्टर, या संचात आहे. ती स्टेनलेसची, चांगल्या जाडीची आहे आणि दोन्ही धारा एका दांड्याने वळवते. परंतु दांडा हाताने ओढावा लागतो, आणि रात्री दोन वाजता यंत्रघरात कोणी बसलेले नसते. एक वजन, एक स्प्रिंग आणि वीज गेली की सुटणारी छोटी विद्युतचुंबकीय कडी एवढ्या सामानात हे काम आपोआप झाले असते. गावातल्या फॅब्रिकेटरकडून ती व्यवस्था मी नंतर करून घेतली. एक किलोवॉटचा संच विकणाऱ्याने ती मुळातच द्यायला हवी होती.

दुसरी तक्रार मुख्य व्हॉल्व्हची. संचासोबत पाव फेरीत बंद होणारा, तरफेचा बटरफ्लाय व्हॉल्व्ह येतो. हाताळायला तो सोपा आहे, आणि नेमका त्यामुळेच तो घातक आहे. आमच्या पाइपात पूर्ण प्रवाहात पाणी सेकंदाला साधारण एक मीटर वेगाने वाहते. ६ किलो दाबाच्या पीव्हीसी पाइपात दाबाची लाट सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास धावते, म्हणजे १५० मीटर वर जाऊन परत यायला तिला एक सेकंद लागतो. त्या एका सेकंदाच्या आत व्हॉल्व्ह बंद केला तर वाहत्या पाण्याच्या धडकेने सुमारे ३ किलो दाब वाढतो. मूळचे ४ आणि हे ३ मिळून ७ किलो होतात, आणि पाइप ६ किलोचा आहे. म्हणून तेथे अनेक फेऱ्यांत बंद होणारा, चाकाच्या मुठीचा गेट व्हॉल्व्ह बसवून घ्यावा आणि तो नेहमी पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंदच ठेवावा. नोझलमागचे तरफेचे व्हॉल्व्ह तसेच राहू दिले तरी चालतील, कारण एका वेळी निम्माच प्रवाह अडतो. मात्र दोन्ही एकदम बंद करू नयेत, आणि बंद करण्याआधी डिफ्लेक्टरने धार वळवून घ्यावी.

नोझल कोणते लावायचे याचा निर्णय यंत्रघरात उभे राहून होत नाही, तो वरच्या टाकीवर होतो. टाकीच्या सांडव्यावरून थोडे तरी पाणी वाहत असले पाहिजे. सांडवा कोरडा पडला की नोझल येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त ओढत आहे असे समजावे, कारण पुढची अवस्था म्हणजे पाइपाच्या तोंडाशी भोवरा, पाइपात शिरलेली हवा, दाबमापकाचा थरथरणारा काटा आणि चढउतार करणारी वीज. शिवाय सांडव्याचे पाणी व्हाळातच राहते आणि बंधारा ते यंत्रघर हा टप्पा कोरडा पडत नाही, हे खालच्या बागायतदारांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. टाकीसाठी दिलेली जाळी चौकोनी आणि उभी असल्याने श्रावणात पानांनी तासाभरात बुजते. ती उतरती बसवली की पाने बरीचशी आपोआप वाहून जातात.

ज्यांच्याकडे उंची २० मीटरहून कमी आहे पण पाणी भरपूर आहे, त्यांनी हा संच घेऊ नये. त्यांना आडव्या पिंपासारखे चाक असलेले क्रॉसफ्लो यंत्र योग्य ठरेल. त्याच्या जर्मन ओसबर्गर घडणीत चाकाची रुंदी एकास दोन अशी विभागलेली असते, त्यामुळे एक तृतीयांश, दोन तृतीयांश किंवा पूर्ण चाकावर पाणी घेता येते. विचार आमच्या दोन नोझलांसारखाच आहे, पण जास्त सफाईदार. उलटा फिरवलेला सेंट्रिफ्युगल पंप हा सर्वांत स्वस्त पर्याय अनेक जण सुचवतात. त्यात पाणी कमी करण्याची कोणतीही सोय नसते आणि ठरलेल्या प्रवाहाखाली त्याचे उत्पादन फार लवकर कोसळते. बारमाही, एकसारख्या झऱ्यावर तो चालेल, कोकणातल्या व्हाळावर परवडणार नाही.

चाक, जनित्र, कंट्रोलर आणि दोन नोझलांची मूळ कल्पना यांना मी पाचपैकी चार गुण देईन. व्हॉल्व्ह, माहितीपत्रक आणि हाताने ओढायचा डिफ्लेक्टर यांना दोनच. विक्रीनंतरची सेवा ठीक आहे. फोन उचलला जातो आणि बेअरिंग नेहमीच्या मापाचे असल्याने ते कोणत्याही बाजारपेठेत मिळते. मागणी नोंदवताना ८ मिलिमीटरचे आणखी एक नोझल, जादा वॉशर, बटरफ्लायऐवजी गेट व्हॉल्व्ह आणि दोन दाबमापक, म्हणजे मुख्य व्हॉल्व्हच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, एवढे बिलातच लिहून घ्यावे.