मोठ्या फर्मची दोन पत्रे आणि एक डिप रॉड

माझी भाची यंदा सीए फायनल झाली आणि पंधरा दिवसांच्या आत तिच्याकडे दोन मोठ्या फर्मची ऑफर लेटर्स आली. एक मुंबईचे, भारतीय कंपन्यांच्या वैधानिक लेखापरीक्षणाचे, म्हणजे आम्ही ज्याला स्टॅट ऑडिट म्हणतो त्याचे. दुसरे पुण्याचे, दुसऱ्या एका फर्मच्या डिलिव्हरी सेंटरमधले, जिथे बसून अमेरिकेतल्या ऑडिट टीमचे काम करायचे असते. "मावशी, तू दोन्ही वाच आणि कुठली घेऊ ते सांग," एवढे म्हणून तिने दोन्हींच्या प्रती माझ्यापुढे ठेवल्या. मी स्वतः एका मोठ्या फर्ममध्ये सहा वर्षे काढून पुढे एका उत्पादन कंपनीच्या फायनान्स विभागात गेले, त्यामुळे ऑडिट करणे आणि ऑडिट करवून घेणे या दोन्ही गोष्टी अंगावर घेतलेल्या आहेत. फर्मची नावे इथे देत नाही. मुंबईची नोकरी मला उजवी वाटली, हे आधीच सांगते. आणि पुण्याची नोकरी घेतली असती तर भाची माझ्याच घरी राहणार होती, तेव्हा या मतात माझा स्वार्थ असलाच तर तो उलट्या बाजूचा आहे.

दोन्ही पत्रांचा कागद गुळगुळीत, पहिला परिच्छेद अभिनंदनाचा, आणि आकडा तिसऱ्या पानावर. मुंबईचा आकडा वर्षाला १२ लाख, पुण्याचा साडेतेरा. नातेवाइकांच्या ग्रुपवर निकाल इथेच लागला होता. मी मात्र कॅल्क्युलेटर घेऊन बसले, कारण नुकती सीए झालेली मुलगी दुसऱ्यांचे ताळेबंद उलगडते आणि स्वतःच्या सीटीसीकडे, म्हणजे कंपनीला तिच्यावर वर्षाला पडणाऱ्या एकूण खर्चाच्या आकड्याकडे, पाहून हरखते, हे मी अनेकदा पाहिले आहे. पुण्याच्या साडेतेरा लाखांत एक लाख जॉइनिंग बोनस होता, जो एकदाच मिळणार आणि वर्षाच्या आत सोडल्यास परत करावा लागणार. आणखी एक लाख "कामगिरीनुसार कमाल" या शब्दांत गुंडाळलेले होते. उरले साडेअकरा. दोन्हीकडे मूळ वेतन ४० टक्के धरलेले, त्यावर १२ टक्के मालकाचा भविष्यनिर्वाह निधी आणि ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी सीटीसीतच मोजलेली. पुण्याच्या पत्रात आरोग्य विम्याचे १२ हजारही त्यातच होते. ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची सलग सेवा लागते, आणि नवा सीए मोठ्या फर्ममध्ये पाच वर्षे टिकला तर त्याचा सत्कार करावा लागेल. स्वतःच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी आणि महाराष्ट्राचा वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर वजा केल्यावर मुंबईचे महिन्याला सुमारे ८८ हजार हातात येत होते, पुण्याचे ८३ हजार ६०० च्या आसपास. आयकराचा प्रश्न दोन्हीकडे उद्भवत नव्हता, कारण २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत प्रमाणित वजावट धरून १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारावर कर लागत नाही. म्हणजे दीड लाखाने मोठी दिसणारी ऑफर दरमहा साडेचार हजारांनी लहान निघाली. अर्थात मुंबईत पेइंग गेस्ट म्हणून राहायचे तर हा फरक पहिल्या आठवड्यातच संपतो, हेही तिला सांगितले. पैशाच्या बाबतीत पुणेच पुढे, पण आकड्यावरून वाटते तेवढे नाही.

यानंतर मी तिला पत्राच्या शेवटच्या पानावरचे, सहीखालचे नाव वाचायला लावले. मुलांना कॉलेजात डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय आणि केपीएमजी ही चार सर्वांत मोठ्या ऑडिट फर्मची नावे पाठ असतात. पण ही चार घराणी म्हणजे एकेक अखंड कंपनी नसून देशोदेशीच्या स्वतंत्र फर्मची जाळी आहेत. आपल्या कंपनी कायद्याप्रमाणे ऑडिटर म्हणून फर्म नेमायची तर तिचे बहुसंख्य भागीदार भारतात व्यवसाय करणारे सीए असावे लागतात, म्हणून ऑडिट रिपोर्टवर वेगळीच नावे दिसतात: ईवायच्या जाळ्यातली एस. आर. बाटलीबॉय, केपीएमजीच्या जाळ्यातली बी एस आर अँड कंपनी, डेलॉइटची डेलॉइट हॅस्किन्स अँड सेल्स, पीडब्ल्यूसीच्या बाजूला प्राइस वॉटरहाउस या नावाच्या फर्म. तेव्हा खांद्यावरच्या बॅगेवर कुठला लोगो आहे याने फारसे काही कळत नाही. पत्र ऑडिट रिपोर्टवर सही करणाऱ्या फर्मचे आहे, सल्लागार कंपनीचे आहे की परदेशी टीमला काम पुरवणाऱ्या केंद्राचे, हे त्या छोट्या अक्षरांतल्या नावावरून कळते आणि पुढची तीन वर्षे कशी जाणार ते बरेचसे त्यावर ठरते.

तीन वर्षे कशी जातात, हे सांगायला मी तिला तळोज्याची गोष्ट सांगितली. नोकरीतला माझा पहिलाच ३१ मार्च होता. एका रासायनिक कारखान्यात साठा मोजायला मला पाठवले होते. स्टोअरकीपरने टाकीत डिप रॉड, म्हणजे द्रवाची खोली मोजायची खुणांची दांडी, सोडला, वर काढला, ओल्या खुणेवर बोट ठेवून आकडा सांगितला आणि फडक्याने रॉड पुसूनही टाकला. मी लिहून घेतले. मग काय वाटले कोण जाणे, मी म्हटले, "काका, परत एकदा टाकता का?" ते काही न बोलता पुन्हा वर चढले. या वेळी रॉड सरळ गेला आणि खूण आठ सेंटिमीटर खाली आली. आधी तो टाकीत तिरका उतरला होता. टाकीच्या तक्त्यावर आठ सेंटिमीटर म्हणजे किती हजार लिटर, आणि किती रुपये, हे मी तिथेच उभ्या उभ्या काढले. पुढे कितीही इंड एएस, म्हणजे भारतीय लेखामानके, शिकले तरी साठा या शब्दाने माझ्या डोळ्यांपुढे तो रॉडच येतो. डिलिव्हरी सेंटरमध्ये काम करणाऱ्याकडे अशा मोजणीचा कागद पीडीएफ होऊन येतो. तो बेरीज तपासतो, खतावणीशी जुळवतो, खूण करतो. काम प्रामाणिकपणाचेच आहे, अमेरिकी मानके त्यात कसून शिकायला मिळतात, आणि फाइल बांधायची शिस्त तर आमच्यापेक्षा त्यांची चांगली. पण रॉड तिरका गेला होता, हे त्या पीडीएफमध्ये कधीच दिसत नाही.

हाच मुद्दा भाचीच्या बाबतीत अधिक महत्त्वाचा का, तेही सांगायला हवे. तिची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या शिक्षणातली कामावरची उमेदवारी, नाशिकच्या एका छोट्या फर्ममध्ये झाली, आणि १ जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत ती तीनऐवजी दोनच वर्षांची उरली आहे. त्या दोन वर्षांत तिने जीएसटी, टॅक्स ऑडिट, पतसंस्था, एक-दोन बँक शाखा असे सगळे हातावेगळे केले. पण हजार कोटींच्या उत्पादन कंपनीचा ताळेबंद आतून पाहिलेला नाही. तो पाहायचा तर आत्ताच. याउलट एखाद्या मुलाची आर्टिकलशिपच मोठ्या फर्मच्या ऑडिटमध्ये झाली असेल आणि त्याला अमेरिकेची वाट धरायची असेल, तर मी त्याला निःसंकोचपणे पुण्याचे पत्र घ्यायला सांगेन.

वेळेच्या बाबतीत मुलांची समजूत अशी असते की डिलिव्हरी सेंटरमध्ये रात्री जागावे लागते आणि भारतीय ऑडिटमध्ये फक्त मे महिना वाईट. दोन्ही अर्धसत्ये आहेत. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांचे वर्ष डिसेंबरला संपते आणि त्यांतल्या शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांना ६० दिवसांत वार्षिक अहवाल दाखल करावा लागतो, त्यामुळे पुण्यातले जानेवारी आणि फेब्रुवारी हे महिने तिथल्या सकाळप्रमाणे, म्हणजे इथल्या संध्याकाळी साडेसहानंतर, नव्याने सुरू होतात. आपल्याकडे सूचीबद्ध कंपन्यांना तिमाहीचे निकाल ४५ दिवसांत आणि वर्षाचे ६० दिवसांत द्यावे लागतात. त्यामुळे १४ ऑगस्ट, १४ नोव्हेंबर, १४ फेब्रुवारी आणि ३० मे या चार तारखांभोवती ऑडिटरचे वर्ष फिरते. मे महिन्यातल्या लग्नाचे आमंत्रण मी सहा वर्षे स्वीकारले नाही, आणि त्याबद्दल काही घरांत अजून ऐकवले जाते.

ताणाचा विषय मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही. २०२४ च्या जुलैमध्ये पुण्यातच एका मोठ्या फर्ममध्ये नोकरीला लागून काही महिनेच झालेल्या एका तरुण सीएचा मृत्यू झाला, आणि कामाच्या ओझ्याबद्दल तिच्या आईने लिहिलेले पत्र पुढे देशभर वाचले गेले. त्यानंतर प्रत्येक पत्राबरोबर मनःस्वास्थ्याचे एक रंगीत पान येऊ लागले आहे. मी भाचीला ते पान बाजूला ठेवायला सांगितले आणि त्याच टीममध्ये दोन वर्षे झालेल्या कुणाला तरी गाठून दोनच प्रश्न विचारायला लावले: मे महिन्यातला कोणता रविवार मोकळा मिळाला होता, आणि आजारी पडल्यावर तुझे काम कुणी उचलले? मुंबईच्या मुलीने पहिल्याला "एकही नाही" असे स्वच्छ उत्तर दिले आणि दुसऱ्याला मॅनेजरचे नाव सांगितले. पुण्याच्या मुलाने दोन्हींना "तसे मॅनेज होते" म्हटले. मला पहिले उत्तर अधिक भरवशाचे वाटले. ते सुखाचे आहे, असे मात्र मी म्हणणार नाही.

आता दोन्ही पत्रांतला सर्वांत वाईट भाग, आणि तो दोन्हींत शब्दशः सारखा होता: "व्यवसायाच्या गरजेनुसार आपली नेमणूक कोणत्याही विभागात अथवा शहरात केली जाऊ शकते." माझ्या वेळच्या पत्रातही हे वाक्य होते आणि मी ते वाचून सोडून दिले होते. ऑडिट म्हणून रुजू झाले आणि पहिले अकरा महिने एका वित्तसंस्थेत संगणकप्रणालीत कुणाला कुठला प्रवेश आहे याच्या याद्या तपासत बसले. स्क्रीनशॉट घ्यायचा, तारीख दिसते का पाहायची, वर्डमध्ये चिकटवायचा. तक्रार करायला गेले तर एचआरने तेच वाक्य बोटाने दाखवले. तळोज्याला मला पाठवले तेही कुणीतरी आजारी पडले म्हणून. तेव्हा टीम कोणती, उद्योग कोणता आणि शक्य असल्यास कंपनी कोणती, हे सही करण्यापूर्वी लेखी विचारावे. त्यातही त्या कंपनीच्या ऑडिटचे हे कितवे वर्ष, हे विचारता आले तर उत्तम, कारण सूचीबद्ध आणि ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना एका फर्मला सलग पाच-पाच वर्षांच्या दोनच मुदती देता येतात. म्हणजे दहा वर्षांनी ऑडिटर बदलतोच. नवीन मिळालेल्या ऑडिटच्या पहिल्या वर्षात मागचे काहीच आयते मिळत नाही, सुरुवातीच्या शिलकांपासून सारे स्वतः समजून घ्यावे लागते, आणि तेवढे शिक्षण पुढच्या चार वर्षांत मिळून होत नाही. नवव्या-दहाव्या वर्षी मागची फाइल उघडून आकडे बदलण्याकडे सगळ्यांचा कल असतो. २०१८ मध्ये स्थापन झालेली एनएफआरए, म्हणजे ऑडिटरांवर देखरेख करणारी सरकारी संस्था, फाइली तपासू लागल्यावर तो कल कमी झाला आहे, गेलेला नाही.

बाकी अटी एका दमात: नोटिस दोन्हीकडे ९० दिवसांची, रुजू होण्याची तारीख दोन्हीकडे "तात्पुरती", सीए इन्स्टिट्यूटच्या सभासदत्वाची फी दोन्हीकडे फर्म भरणार, सीपीए, म्हणजे अमेरिकेतली सीएसारखी पात्रता, करायची तर पुण्याची फर्म परीक्षेचा खर्च देणार आणि मुंबईची देणार नाही. हा शेवटचा फरक लहान नाही, आणि पुण्याच्या पत्राला मी पाचांपैकी साडेतीन गुण दिले ते मुख्यतः त्यासाठीच. मुंबईला चार. पाचवा त्या विभाग-शहराच्या वाक्याने घालवला.

भाचीने दुसऱ्याच दिवशी दोन्ही एचआरना टीमबद्दल मेल केला. पुण्याहून उत्तर आले की ते रुजू झाल्यावर ठरेल. मुंबईहून तीन दिवस काहीच आले नाही, आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी एका मॅनेजरने स्वतः एका ओळीत कळवले: उत्पादन क्षेत्राची टीम, औषधनिर्मिती कंपनी, ऑडिटचे पहिले वर्ष, कारखाना महाडला. पोर्टलवर मुंबईला होकार देऊन आणि पुण्याला आभाराच्या दोन ओळी लिहून झाल्यावर तिने त्या मेलची प्रत काढली आणि ऑफर लेटरच्या मागे स्टेपल केली, कारण पत्रात त्यातले एक अक्षरही नव्हते.