मोरीची जुनी जाळी: तयार घ्यावी की करून घ्यावी?
सांगलीत गावभागात आमचं जुनं घर, मोरीत शहाबादी फरशी आणि बीडाची जाळी, माप ५.५ बाय ७ इंच, दुकानात मिळतच नाही. तयार स्टीलची ५ नाहीतर ६ इंची चौकोनी, स्वस्त पडते, खाली झुरळं अडवायला वाटीपण असते, पण ती बसवायला फरशी कापा आणि जुनी शहाबादी कटर लागला की पापुद्रे सुटतात हो, जीव तुटतो बघून, शिवाय पाण्याचा उतार बिघडतो. मी तरी फॅब्रिकेटरकडूनच करून घेईन, खाचेपेक्षा २ मिमी कमी ठेवायची म्हणजे बरोब्बर बसते. स्टेनलेस स्टील ३०४ ग्रेडचंच सांगा, १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल, २०२ ग्रेडपेक्षा कितीतरी कमी गंजतं. अ‍ॅसिड मात्र दोन्ही ग्रेडवर नको.