हार्लेमच्या त्या फोटोचं पोस्टर : घ्या, पण कडा बघून

आर्ट केनने काढलेला तो फोटो आहे ना, न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या घराच्या पायऱ्यांवर जॅझवाल्यांची अख्खी फौज उभी आहे तो, त्याचं पोस्टर ऑनलाइन मागवलं. पाचपैकी तीन स्टार. छपाईला हां, फोटोला कसले स्टार देताय.

कागद मस्त आहे, जाड मॅट, लाइट पडला तरी चमकत नाही आणि मागच्या रांगेतल्या काळ्या सुटांचा नुसता गोळा झालेला नाही, चेहरे ओळखू येतात. पण विक्रेत्याने स्टँडर्ड फ्रेममध्ये बसावं म्हणून फोटो कापलाय आणि नेमका नको तिथेच कापलाय. खालची कड गेली त्यात फुटपाथच्या काठावर बसलेली गल्लीतली पोरं अर्धी गेली. त्यांच्याच ओळीत पियानोवाला काउंट बेसी बसलाय, उभं राहून कंटाळला म्हणून खाली टेकला तर पोरं शेजारी येऊन बसली, आणि इथे त्याचे पायच नाहीत! उजवीकडे तर कहर. तिथे टोकाला ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी जीभ काढून उभा आणि दुसरा ट्रम्पेटवाला रॉय एल्ड्रिज मान वळवून त्याच्याकडे बघतोय. डिझी कापल्यावर एल्ड्रिज बिचारा उगाच कुठेतरी बघतोय असं वाटतं.

फोटोची मजाच ही आहे की कोणी ऐकायलाच तयार नव्हतं. १२ ऑगस्ट १९५८, सकाळी दहाची वेळ, पत्ता १७ ईस्ट १२६वा रस्ता. रात्रभर वाजवून पहाटे झोपणाऱ्या लोकांना सकाळी दहाला बोलवायचं म्हणजे काय डोकं, तरी फोटोत ५७ जण आहेत आणि आले ते गप्पांतच रमले. केन तेव्हा ३३ वर्षांचा, मासिकांचा आर्ट डायरेक्टर, फोटोग्राफर म्हणून नवखाच, समोरच्या बाजूने वर्तमानपत्राची गुंडाळी करून ओरडतोय आणि इकडे ढिम्म. शेवटी जो तो जसा उभा राहिला तसाच फोटो झाला आणि १९५९च्या जानेवारीत 'एस्क्वायर' मासिकात छापून आला.

सोबत कोण कुठे उभा आहे ते सांगणारा, आकडे टाकलेला आउटलाइन चार्ट येतो, तो मात्र फार कामाचा. सॅक्सोफोनवाला लेस्टर यंग त्याच्या चपट्या हॅटवरून सापडतोच (पुढच्या मार्चमध्ये गेला तो), पण बाकीच्यांसाठी चार्ट हवाच. पियानोवाला थेलोनियस मंक फिकट जाकीट घालून आला, कारण बाकी सगळे गडद घालणार हे त्याला माहीत होतं, आणि वर मेरी लू विल्यम्स आणि मॅरियन मॅकपार्टलंड या पियानोवाल्या बायकांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. लक्ष जाणारच ना! पियानोवाला विली 'द लायन' स्मिथ मात्र चार्टमध्ये शोधू नका, उभा राहून दमला म्हणून शेजारच्या पायऱ्यांवर जाऊन बसला आणि नेमका तेव्हाच हा शॉट निघाला. एवढी एक टीप चार्टवर टाकायला काय हरकत होती?

त्या सकाळची हलती दृश्यंही आहेत बरं का. बेसवाला मिल्ट हिंटन मूव्ही कॅमेरा घेऊन आला होता आणि त्याच्या बायकोने, मोनाने, शूट केलं. जीन बाकच्या १९९४च्या डॉक्युमेंटरीत ते वापरलंय, पोस्टरआधी ती बघा, मग प्रत्येक चेहऱ्यावर जास्त वेळ थांबाल.

पॅकिंग ठीक, ट्यूब कडक होती, कोपरे दुमडले नाहीत. ऑर्डर करण्याआधी लिस्टिंगमधलं चित्र झूम करून उजव्या टोकाला डिझी आहे का आणि खाली बेसीचे बूट दिसतात का ते बघा, नसतील तर दुसरा विक्रेता शोधा.