सबटायटल्स बंद केली तेव्हा: ल्योंमधल्या सिनेमाच्या वर्गाचा नऊ महिन्यांचा अनुभव

ल्योंमधल्या एका विद्यापीठात परदेशी लोकांना फ्रेंच शिकवणारा विभाग आहे. तिथला 'सिनेमातून फ्रेंच समाज' हा विषय मी सप्टेंबर ते मे असा दोन सत्रं केला. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले, भाषा बी-टूपर्यंत (युरोपातल्या भाषापरीक्षांच्या सहा पायऱ्यांतली चौथी) कशीबशी रेटली आणि आता पुढे काय, या विचारात हा विषय घेतला. विद्यापीठाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे बरीच कुरकुर आहे. इथल्या आपल्या मराठी ग्रुपवर तिघीचौघींनी "घेऊ का गं?" म्हणून विचारलंय. प्रत्येकीला वेगळं काय सांगत बसू, म्हणून इथेच लिहिते.

वर्ग असा चालतो: मंगळवारी संध्याकाळी सिनेमा, गुरुवारी दोन तास चर्चा. दर दोन सिनेमांनंतर एका प्रसंगाचं लेखी विश्लेषण, आणि सत्राच्या शेवटी परीक्षा. वर्गात बावीस जण होते, ब्राझीलपासून कोरियापर्यंतचे. शिकवणाऱ्या बाईंना सगळे 'मादाम' म्हणत आणि त्या आम्हा सगळ्यांना 'वू', म्हणजे आपलं 'तुम्ही'. एकोणीस वर्षांच्या पोरालाही 'वू'. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सुरुवात छान झाली. ल्यों हे ल्युमिएर बंधूंचं, म्हणजे सिनेमाच्या जनकांचं गाव. त्यांचा कारखाना होता त्या रस्त्याचं नावच आता 'पहिल्या सिनेमाचा रस्ता' आहे, मेट्रोच्या डी लाइनवर मोंप्लेझीरला उतरायचं. १८९५ साली कारखान्याच्या फाटकातून कामगार बाहेर पडतात ते मिनिटभराचं चित्रण, तेच आम्हाला तिथल्या सभागृहात दाखवलं. बायकाच जास्त, लांब घागरे, मोठ्या टोप्या, सगळ्यांना घरी जायची घाई. त्याच्या तीन आवृत्त्या आहेत आणि त्या घोड्यांवरून ओळखतात: बिनघोड्याची, एका घोड्याची, दोन घोड्यांची. मादामनी विचारलं, तुमच्याकडे सिनेमा कधी पोचला? पॅरिसचा पहिला तिकीट लावून केलेला खेळ २८ डिसेंबर १८९५ चा, आणि मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएरचाच माणूस ७ जुलै १८९६ ला खेळ करत होता, हे मी सांगितलं. सहा-सात महिन्यांत! वर्गाला वाटलं होतं तीसचाळीस वर्षं तरी लागली असतील. पॅरिसचा तो खेळ ज्या तळघरात झाला त्याचं नाव 'भारतीय दालन' होतं, हे मला मादामकडून कळलं. फिट्टंफाट.

आता माझी फजिती. वर्गात फ्रेंच सबटायटल्स असतात, इंग्रजी अजिबात नाहीत. मी हुशारी केली. प्रत्येक सिनेमा आदल्या रात्री घरी इंग्रजी सबटायटल्स लावून बघून ठेवायचे. गोष्ट कळायची, माणसं कळायची, गुरुवारी बोलायला चार मुद्दे असायचे. पहिल्या लेखी विश्लेषणाला झां रनवारचा १९३७ चा 'ला ग्रांद इल्युझियों' होता. पहिल्या महायुद्धातले फ्रेंच कैदी आणि जर्मन छावणी, प्रश्न असा की सिनेमात सामाजिक वर्ग कसा दिसतो. मी जर्मन अधिकाऱ्याचा मोनोकल, म्हणजे एका डोळ्याचा चष्मा लिहिला, किल्ल्यातलं त्याचं जिरेनियमचं रोप लिहिलं, श्रीमंत कैद्याच्या घरून येणारे खाऊचे डबे लिहिले. चार पानं. वीसपैकी नऊ मिळाले. खाली लाल शाईत फक्त: "आणि 'वू'चं काय?"

मग तो प्रसंग इंग्रजी बंद करून पुन्हा पाहिला. द बोअल्द्यू हा खानदानी कॅप्टन बेसिनशी उभा राहून आपले पांढरे हातमोजे धुतोय. मारेशाल हा मेकॅनिक, साधा माणूस. तो म्हणतो, इतके दिवस एकत्र काढले तरी आपलं आपसात 'वू'च चाललंय. त्यावर कॅप्टन हातमोज्यांवरची नजर न हलवता सांगतो: मी माझ्या आईला 'वू' म्हणतो आणि बायकोलाही 'वू' म्हणतो. विषय संपला. दोघे एकमेकांसाठी जीव द्यायला तयार आहेत, पण 'वू'चा 'त्यू', म्हणजे आपला 'तू', होत नाही. इंग्रजीत दोन्हीकडे 'यू'! तेवढ्या एका वाक्यात सबटायटल्स काहीतरी तडजोड करतात, पण सिनेमाभर कोण कोणाला काय म्हणतंय ते सगळं वाहून गेलेलं असतं.

गुरुवारी हे वाक्य आलं तेव्हा ब्राझीलचा मुलगा खो खो हसला. कोरियन मुलगी आणि मी एकमेकींकडे पाहिलं. माझी आजी आजोबांना जन्मभर 'अहो' म्हणाली, त्यामुळे बायकोला 'वू' मला नवं नव्हतं. मला अडलं ते आईपाशी. आपल्याकडे बापाला 'अहो' म्हणतील, पण आईला आणि विठोबाला 'तू'च. आईला 'तुम्ही' म्हणणारा मुलगा किती थंड घरात वाढला असेल, असं मी तोडक्यामोडक्या फ्रेंचमध्ये म्हटलं. मादाम थांबल्या, आणि पहिल्यांदा मला म्हणाल्या, "पा माल." शब्दशः 'वाईट नाही'. इथे ते कौतुक असतं, हेही शिकायला मला दोन महिने लागले होते.

मार्कांचंही सांगून टाकते. वीसपैकी दहा म्हणजे पास, बारा म्हणजे बरं, चौदा म्हणजे चांगलं, सोळा म्हणजे उत्तम. वीस कोणाला मिळत नाहीत. आईला फोनवर नऊ सांगितले तर पलीकडे शांतता. "नव्वद का?" म्हणाली. मी हो म्हटलं.

त्यानंतर मी कान 'त्यू' आणि 'वू'वर ठेवून सिनेमे बघायला लागले आणि खरा अभ्यासक्रम तिथून सुरू झाला. मात्येओ कासोव्हित्सचा 'ला एन', १९९५ चा कृष्णधवल सिनेमा. पॅरिसबाहेरच्या वस्तीतली तीन पोरं, एक ज्यू, एक काळा, एक अरब, दंगलीनंतरचा एक दिवस. त्यांची बोली व्हेरलां, म्हणजे शब्द उलटा करायचा. 'लांव्हेर' म्हणजे उलट, त्याचंच 'व्हेरलां'. पोलिसाला 'फ्लिक', त्याचं 'केफ'. आपल्या च-च्या भाषेची आठवण येते, फक्त ही पोरं मोठी आहेत आणि खेळत नाहीयेत. ती पॅरिसमध्ये येतात, सईद एका पोलिसाला पत्ता विचारतो, आणि परत येऊन थक्क होऊन सांगतो की त्याने मला 'वू' म्हटलं! इंग्रजीत तिथे 'सर' की कायसं येतं आणि विनोद म्हणून निघून जातं. पण त्या पोराला आयुष्यभर पोलिसांकडून 'ए, तू' ऐकायची सवय आहे, हे सगळं त्या एका 'वू'त आहे. मादामनी लगेच फळ्यावर लिहिलं: १ जानेवारी २०१४ पासून फ्रेंच पोलिसांच्या आचारसंहितेत नागरिकांना 'वू' म्हणणं बंधनकारक आहे. लिहावं लागलं, यातच आलं काय ते. आपल्याकडच्या पोलीस चौकीत कोणाला 'या' आणि कोणाला 'ये' म्हणतात, ते मला वेगळं सांगायला नको.

आणि मग लोरां कांतेचा 'आंत्र ले म्युर', २००८ चा, कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालेला. पॅरिसच्या विसाव्या विभागातली शाळा, खरी मुलं, नट नव्हेत. मास्तर अवघड क्रियापदरूप शिकवतो आणि पोरं विचारतात, असं कोण बोलतं? मग सुलेमान नावाचा मुलगा भांडणात मास्तरला 'त्यू' म्हणतो. शिस्तीच्या बैठकीत तोही आरोप. त्याच्या आईला फ्रेंच येत नाही, म्हणून स्वतःविरुद्धची सुनावणी तोच तिला भाषांतर करून सांगतो. हा प्रसंग मी तीनदा पाहिला. इथे माझ्याही मुलाच्या शाळेत शिक्षिकेशी बोलताना मधे तोच दुभाषा असतो, वय वर्षं आठ.

न्यू वेव्हवर, म्हणजे १९५०-६० च्या सुमाराच्या फ्रेंच सिनेमातल्या नव्या लाटेवर, तीन आठवडे गेले. गरजेचं असेल, पण ज्यांना सिनेमाचा इतिहास हवाय त्यांच्यासाठी. 'अमेली' या गाजलेल्या सिनेमावर एक तास, तोही जास्तच.

दुसऱ्या सत्रातली मोंल्युकची सहल मात्र या विषयासाठी भरलेल्या फीचा निम्मा पैसा वसूल करते. मोंल्युक म्हणजे पार-द्यू स्टेशनपासून जवळच असलेला तुरुंग, जर्मनांच्या ताब्यात असताना गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा. रॉबेर ब्रेसोंने १९५६ च्या सिनेमासाठी इथेच चित्रण केलं, आंद्रे दविन्यी या सैनिकाच्या १९४३ मधल्या पलायनावर. सिनेमाचं नावच 'मृत्युदंडाचा कैदी निसटला' असं आहे, म्हणजे शेवट आधीच सांगून टाकलाय. तरी त्या चमच्याने दाराच्या फळ्या कोरताना आपण श्वास धरून बसतो. आदल्या आठवड्यात ते बघितलेलं, आणि आता आम्ही त्याच प्रकारच्या दारासमोर उभे. बारीक झडप, जाड लाकूड. कोणी बोललं नाही. अकरा वाजता बाहेरून रेल्वेचा आवाज आला, सिनेमातही बाहेरचे आवाजच सगळं सांगतात.

याच्याच जोडीला आलां रेनेचा १९५६ चा 'न्युई ए ब्रुइयार' दाखवला, छळछावण्यांवरचा अर्ध्या तासाचा माहितीपट. त्यात एका छायाचित्रात छावणीवर पहारा देणाऱ्या फ्रेंच शिपायाची टोपी दिसत होती. सेन्सॉरने ती झाकायला लावली. प्रेतं चालली, टोपी चालली नाही! ज्यूंच्या धरपकडीतली फ्रेंच राज्याची जबाबदारी राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी कबूल केली ती थेट जुलै १९९५ मध्ये.

आणि इथेच माझी मोठी तक्रार. त्याच मोंल्युकमध्ये पुढे अल्जीरियाच्या, म्हणजे तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात असलेल्या देशाच्या, स्वातंत्र्यासाठी लढणारे कैदी होते, त्यांतल्या काहींना तिथेच गिलोटिनखाली दिलं. फलक आहे, आम्ही तो वाचला. वर्गात मात्र अल्जीरियाला एक गुरुवार, तोही सुट्टीच्या आदला. झाकलेल्या टोपीवर तासभर बोलणाऱ्या अभ्यासक्रमाने हे असं उरकावं? मी विचारलं. "कार्यक्रम आधीच फार भरलाय," असं उत्तर आलं.

दुसरी तक्रार हलकी आहे पण खरी. शेजारच्या ऐंशीच्या आजीबाईंना मी यादी दाखवली तर त्यांनी त्यातले चारच सिनेमे पाहिलेले. "लुई द फ्युनेस कुठाय?" म्हणाल्या. हा त्यांच्या काळातला लाडका विनोदी नट. उत्तरेकडच्या बोलीची टिंगल करणारा 'ब्यांव्हन्यू शे ले श्ती' २००८ साली इथे दोन कोटींहून जास्त तिकिटांवर चालला, तोही यादीत नाही. फ्रेंच माणूस कशावर हसतो हे नऊ महिन्यांत एकदाही शिकवलं नाही. उदास कशाने होतो, ते बरंच शिकवलं.

शेवटचा सिनेमा आन्येस व्हार्दाचा, २००० सालचा. शेतात पीक काढल्यावर उरलेलं वेचणाऱ्यांवर. इंग्रजी नावावरून मला काही बोध झाला नव्हता, पण पहिल्या पाच मिनिटांत तोंडातून निघालं: अरे, हा तर सरवा! आमच्या आजोळी ज्वारी काढून झाली की बाया सरवा वेचायला यायच्या आणि त्यांना हटकायचं नाही, हा रिवाज. सिनेमात एक वकील काळा झगा घालून, लाल कायद्याचं पुस्तक हातात धरून शेतात उभा राहतो आणि हा हक्क १५५४ च्या राजाज्ञेपासूनचा असल्याचं सांगतो. आमच्याकडे कागद नव्हता, आजीचा आवाज होता. या विषयावर मी पाच पानं लिहिली, फ्रेंच सबटायटल्सही बंद ठेवून. चौदा मिळाले. आता क्रुआ-रूसच्या बाजारात दुपारी दुकानं उठताना खोक्यांतली कोबीची पानं निवडणारी माणसं दिसली की मी बघत राहते, आणि नवरा म्हणतो, चल.

तर घ्यायचा का? बी-टूच्या खाली असाल तर नको, नुसता त्रास होईल. फ्रेंच बोलायला सुधारेल म्हणून घेत असाल तरी नको, तिथे लिहिणंच जास्त. इथे राहून चार वर्षं झाली तरी या माणसांचं कुठे बिनसतं ते कळत नसेल, तर घ्या. पहिल्या दिवसापासून इंग्रजी बंद ठेवा, एक वही करा आणि तिच्यात कोण कोणाला 'त्यू' म्हणतं, कधीपासून म्हणतं, एवढंच टिपत जा.

पुढच्या वर्षीची यादी परवा आली. दोन सिनेमे बदललेत. द फ्युनेस अजून नाहीच. आजीबाईंना सांगितलं तर त्यांनी रविवारी दुपारी टीव्हीवर लागतो तेव्हा ये म्हणून बोलावलंय. 'व्हेने' म्हणाल्या की 'व्हियां', म्हणजे 'या' की 'ये', ते घाईत नीट ऐकू आलं नाही.