भांडुपचं आमचं पाळणाघर, चौदा महिन्यांचा अनुभव

भांडुप पश्चिमेला आमच्या वस्तीत एक ट्रस्ट पाळणाघर चालवतो, तिथे माझी मुलगी गेले चौदा महिने जातेय, ठेवली तेव्हा दीड वर्षाची होती. बऱ्याच जणींनी विचारलं म्हणून एकदाच सगळं नीट लिहिते. आधी फी, कारण पहिला प्रश्न तोच असतो. महिना सातशे, धुणीभांडी करणाऱ्या बायकांना चारशे, सकाळी आठ ते संध्याकाळी सात, दुपारचं जेवण आणि दोन वेळचा खाऊ त्यातच. एवढ्यात भागत नाही हे उघड आहे, बाकी सगळं देणग्यांवर आणि एका कंपनीच्या सीएसआरवर (कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायचा पैसा) चालतं.

ह्याआधी तिला एका घरगुती पाळणाघरात ठेवलं होतं. चौदा मुलं, एक काकू आणि दिवसभर टीव्ही. पोरगी घरी आली की गप्प बसून राहायची, डायपर बऱ्याचदा सकाळचाच असायचा. काकू वाईट नव्हत्या हो, पण एकटी बाई चौदा पोरांचं काय काय करणार? अंगणवाडी जवळ आहे पण तिथे बसायला घेतात ती तीन वर्षांच्या पुढची मुलं, तीही काही तासच, आणि माझी ड्युटी परळला नऊ ते साडेपाच.

खरं सांगायचं तर सुरुवातीला हे पाळणाघरही आजच्यासारखं नव्हतं. दोन ताई आणि अठ्ठावीस मुलं. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या देणगीतून भिंतीवर हत्ती आणि फुगे रंगवलेले, प्लॅस्टिकची घसरगुंडी आणलेली, दारावर देणगीदाराचा मोठा बोर्ड. भिंतीची ओल काही कोणी काढली नव्हती, त्यामुळे पहिल्याच पावसात हत्तीचे पोपडे निघाले. आणि ताई टिकायच्या नाहीत, कारण तीन घरची भांडी घासली तरी ह्या पगारापेक्षा जास्त सुटतात. माझ्या पोरीला एका ताईंचा लळा लागला आणि दुसऱ्याच महिन्यात त्या सोडून गेल्या, नंतर पंधरा दिवस ही रोज दारात माझा ओढणीचा पदर धरून रडायची, मला ट्रेनमध्ये उभं राहून तेच आठवत राहायचं.

मग पालकसभेत आम्ही आयांनी हे बोलून दाखवलं. मोठ्या कंपन्यांना २०१४ पासून आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के असल्या कामांवर खर्च करावे लागतात, तो पैसा येतो, पण देणाऱ्याला वस्तू दिसायला हवी असते, पगार फोटोत दिसत नाही. ट्रस्टच्या मॅडमनी कंपनीच्या लोकांना एक अख्खा दिवस पाळणाघरात बसवलं, शी-शू, भरवणं, झोपवणं सगळं बघायला लावलं. तिथून गोष्टी बदलल्या. पुढचे पैसे रंगाला न जाता पगाराला गेले. आता चार ताई आणि एक मावशी, पैकी दोन ताई फक्त तान्ह्या आणि रांगणाऱ्यांसाठी, आणि गेल्या दहा महिन्यांत एकही ताई सोडून गेलेली नाही.

ट्रेनिंगचंही तसंच. महागडी खेळणी आणली नाहीत, चिंचोके, बाटल्यांची झाकणं, पानं, शिंपले ह्यांचे खेळ ताईंना शिकवले (चिंचोके आणि झाकणं मोठ्यांनाच देतात, लहान तोंडात घालतात म्हणून). ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली तेव्हा आसपास मिळेल त्यातूनच साधनं केली होती, हे मला आमच्या ताईंनीच सांगितलं. दर महिन्याला वजन घेतात, मूल कुपोषित आहे का ते कळायला रंगीत पट्टीने दंडाचा घेर मोजतात, १२.५ सेंटीमीटरच्या खाली पिवळा, ११.५ च्या खाली लाल. शेजारच्या टॉवरच्या साईटवरून येणाऱ्या एका बाळाचा पिवळा आला तर त्याला रोज जास्तीचं अंडं आणि नाचणीचं सत्त्व सुरू केलं आणि आईला दुपारी अंगावर पाजायला येऊ दिलं. दोन-अडीच महिन्यांत हिरवा.

जुलैत सायन-कुर्ला मध्ये पाणी भरलं, लोकल बंद, मी पोचले तेव्हा पावणेनऊ वाजले होते. दोन ताई थांबल्या होत्या, मुलीला खिचडी भरवून गोधडीत झोपवलेलं. जास्तीचे पैसे घेतले नाहीत, ओव्हरटाईम ट्रस्ट देतो म्हणाल्या.

न आवडलेलं पण लिहिते. संडास एकच आहे आणि मोठ्यांच्या मापाचा, मुलं घाबरतात. शनिवारी एक वाजता बंद, ज्यांना शनिवारी फुल डे असतो त्यांचे हाल. लहानांच्या गटात जागा मिळायला मला तीन महिने लागले. आणि सगळ्यात मोठी काळजी म्हणजे सीएसआर तीन वर्षांचाच आहे, त्यातलं एक संपत आलंय. म्हणून कोणाला काही द्यायचं असेल तर कृपया वाढदिवसाचा केक आणि टेडी नको, ताईंच्या पगाराच्या खात्यात द्या, कितीही चालतं, आयकरात सवलतीसाठी लागणारी पावती मिळते आणि हिशोब दर सहा महिन्यांनी पालकसभेत वाचून दाखवतात. आम्ही पंधरा-सोळा घरं महिन्याला शंभर-शंभर टाकतो.

माझ्याकडून पाचात साडेचार, अर्धा संडासाचा कापला. ॲडमिशनला जन्मदाखला आणि लसीकरणाचं कार्ड लागतं, पहिले सहा दिवस आईने किंवा आजीने तिथे बसायचं असा नियम आहे, तेवढी सुट्टी आधीच टाकून ठेवा. गोधडी घरचीच द्या, पोरांना वासाने झोप लागते.