क्लबफेस स्क्वेअर करण्यासाठी घेतलेले आठ तास: पुण्यातील एका गोल्फ प्रशिक्षकांविषयी

पुण्यातील एका ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे गोल्फचे फटके सरावण्याच्या मैदानावर, गेल्या हिवाळ्यात मी एका प्रशिक्षकांकडे आठ तासांचे वैयक्तिक शिक्षण घेतले. मागणी एकच होती: इम्पॅक्टच्या, म्हणजे क्लब चेंडूला लागण्याच्या, क्षणी माझा क्लबफेस (क्लबची चेंडूला लागणारी बाजू) उघडा राहतो, म्हणजे उजवीकडे पाहतो, तो स्क्वेअर, म्हणजे सरळ, कसा होईल हे शिकवावे. आठ तासांची फी १६,००० रुपये होती आणि चेंडूंच्या बकेटचे पैसे वेगळे द्यावे लागले. हे पैसे पूर्णपणे सार्थकी लागले असे माझे मत आहे. सरांनी नाव लिहू नका असे सांगितल्यामुळे ते येथे दिलेले नाही. मात्र त्यांची शिकवण्याची पद्धत सविस्तर लिहितो, म्हणजे आपापल्या गावात प्रशिक्षक निवडताना कोणाला तरी तिचा उपयोग होईल.

मी उजव्या हाताने खेळतो आणि सहा वर्षे स्लाइसने, म्हणजे उजवीकडे वळत जाणाऱ्या चेंडूने, त्रस्त होतो. याआधी दुसऱ्या एका ठिकाणी चार महिने शिकलो होतो. तेथे दर वेळी एकच सूचना मिळे, की चेंडूला क्लब लागताना मनगटे फिरवा. मी ती मनापासून पाळली. परिणाम असा झाला, की स्लाइस कायम राहिला आणि मधूनमधून डावीकडच्या झाडीत जाणारा हुक त्याच्या जोडीला आला. चेंडू आणि क्लबफेस यांचा स्पर्श जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो आणि क्लब वरून खाली चेंडूपर्यंत आणणारा अख्खा डाउनस्विंग साधारण पाव सेकंदात संपतो. इतक्या अवधीत हाताने फेस वळवून तो नेमक्या क्षणी सरळ आणणे म्हणजे प्रत्येक फटका नशिबावर सोडणे आहे, हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही.

या सरांनी पहिल्या तासात काहीही शिकवले नाही, फक्त मोजले. खिशातून व्हाइटबोर्डचा मार्कर काढून त्यांनी चेंडूच्या मागच्या बाजूला एक उभी रेघ ओढली आणि ७ नंबरच्या आयर्नने (मध्यम अंतराच्या क्लबने) फटका मारायला सांगितले. रेघेची शाई क्लबफेसवर उमटली. ती फेसच्या मध्यावर आहे, टाचेकडे (दांड्याजवळच्या कडेला) आहे की टोकाकडे, हे त्यांनी पाहिले. शिवाय ती उभी आहे की तिरकी, हेही पाहिले, कारण रेघ तिरकी उमटली तर क्लबचा लाय अँगल, म्हणजे दांड्याचा जमिनीशी होणारा कोन, त्या खेळाडूला जुळत नाही, आणि लाय अँगल चुकला की स्विंग बरोबर असूनही फेसचे तोंड डावीकडे किंवा उजवीकडे जाते. माझी रेघ उभी होती. ओल्या फडक्याने फेस पुसून त्यांनी हेच दहा वेळा केले आणि प्रत्येक वेळी वहीत टिपून ठेवले. त्यानंतर क्लब आणि चेंडू यांची दिशा मोजणारा रडार लावला.

रडारचे आकडे पाहून माझा सहा वर्षांचा गैरसमज दूर झाला. माझा पाथ, म्हणजे चेंडूपाशी क्लब ज्या दिशेने जातो ती दिशा, सरासरी ६ अंश डावीकडे होती, आणि फेस लक्ष्याच्या २ अंश उजवीकडे पाहत होता. आयर्नच्या बाबतीत चेंडू कोठे सुटणार हे साधारण तीन चतुर्थांश फेस ठरवतो आणि एक चतुर्थांश पाथ. ड्रायव्हरच्या, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या क्लबच्या, बाबतीत फेसचा वाटा सुमारे ८५ टक्क्यांवर जातो. या हिशेबाने माझा चेंडू जवळजवळ थेट लक्ष्याकडे सुटत होता, आणि फेस व पाथ यांच्यात ८ अंशांचे अंतर असल्यामुळे पुढे जाऊन उजवीकडे वळत होता. रडार येण्यापूर्वी चेंडू पाथच्या दिशेने सुटतो असेच बहुतेक ठिकाणी शिकवत असत, आणि मीही त्याच समजुतीने चेंडू उजवीकडे जातो म्हणून दर मोसमात थोडे अधिक डावीकडे तोंड करून उभा राहत होतो. त्यामुळे पाथ आणखी डावीकडे जाऊन स्लाइस वाढत होता. ‘फेस स्क्वेअर’ म्हणताना तो कशाशी स्क्वेअर, लक्ष्याशी की पाथशी, हा प्रश्न मला प्रथमच कोणीतरी विचारला. फेस अगदी लक्ष्याकडे असला, पण पाथ ६ अंश डावीकडे असला, तरी चेंडू उजवीकडे वळणारच. या एका खुलाशासाठीही मी पहिल्या तासाची फी आनंदाने दिली असती.

दुसरा तास पूर्णपणे ग्रिपवर, म्हणजे क्लबच्या पकडीवर, गेला. क्लब धरल्यावर वरून पाहिले असता मला डाव्या हाताचा एकच सांधा दिसत होता, म्हणजे माझी ग्रिप वीक (फेस उघडा ठेवणारी) होती. ही ग्रिप मी थोर खेळाडूंची छायाचित्रे पाहून उचलली होती. गेल्या शतकातील अमेरिकन खेळाडू बेन होगन यांनी नऊ मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या, स्पर्धा जिंकल्या आणि त्यांची ग्रिप वीक होती हे खरे आहे. पण त्यांना सुरुवातीच्या काळात हुकने छळले होते आणि त्यावरचा उपाय म्हणून त्यांनी ग्रिप तशी केली होती. हुकवरचे औषध मी स्लाइसवर घेत होतो. सरांनी माझा डावा हात क्लबवर उजवीकडे इतका फिरवला, की दोन सांधे स्पष्ट आणि तिसरा अर्धवट दिसू लागला, आणि क्लब बोटांच्या मुळाशी बसला. पहिले तीन दिवस ही पकड इतकी परकी वाटत होती, की चेंडूसमोर उभे राहताच हात आपोआप जुन्या जागी सरकत. सरांनी ग्लोव्हवर पेनाने एक खूण करून दिली आणि घरी रोज पन्नास वेळा क्लब नुसता धरायचा आणि सोडायचा, असे सांगितले.

तिसऱ्या आणि चौथ्या तासाला जे शिकलो, ते या साऱ्या शिक्षणाचे मर्म आहे. बॅकस्विंगच्या शेवटी, म्हणजे क्लब मागे वर नेल्यावर, माझे डावे मनगट मागे मोडत होते, आणि मनगट मागे मोडले की फेस उघडतो. सरांनी शाळेत वापरतात तसली स्टीलची छोटी पट्टी माझ्या डाव्या मनगटावर, घड्याळाच्या पट्ट्याखाली, पंजाच्या मागच्या बाजूला येईल अशी सरकवली. मनगट सपाट राहिले तर पट्टी हाताला नुसती टेकते. मनगट मागे मोडले तर तिची कड पंजात रुतते. “साहेब, चेंडू कुठं जातोय ते बघू नका. पट्टी टोचली की नाही, एवढंच सांगा,” असे ते म्हणाले, आणि तासभर मी प्रत्येक फटक्यानंतर ‘टोचली’ किंवा ‘नाही टोचली’ एवढेच सांगत होतो. सुरुवातीच्या वीस फटक्यांत ती जवळजवळ दर वेळी टोचली. तास संपेपर्यंत दहांत दोनदा टोचू लागली, आणि ज्या ज्या वेळी टोचली नाही त्या त्या वेळी चेंडूचा उजवीकडचा कल कमी झालेला रडारवर दिसत होता. अमेरिकन व्यावसायिक खेळाडू डस्टिन जॉन्सन यांचे डावे मनगट बॅकस्विंगच्या शेवटी उलट पुढे वाकलेले असते. तसे करण्याचा मोह मला झाला होता, पण सरांनी स्पष्ट नकार दिला. तितका बंद झालेला फेस सांभाळायला कंबर आणि छाती ज्या वेगाने वळावी लागतात, तो वेग माझ्या चौपन्न वर्षांच्या शरीरात नाही, हे त्यांनी आदराने पण आडपडदा न ठेवता सांगितले.

पुढचे तास अर्ध्या स्विंगचे होते, कमरेपासून कमरेपर्यंत. इम्पॅक्टपाशी माझे शरीर थांबत होते आणि हात एकटेच पुढे जात होते. छाती वळत राहिली की पाथ आणि फेस दोन्ही आपोआप जवळ येतात, हे छोट्या स्विंगमध्ये लवकर कळते.

काही त्रुटीही लिहिल्या पाहिजेत. सर्व सराव कृत्रिम गवताच्या मॅटवर होतो. मॅटवर क्लब चेंडूआधी जमिनीला लागला तरी घसरून पुढे जातो आणि फटका चांगला बसल्याचा भास होतो; गवतावर गेल्यावर ही चूक उघडी पडते. एक तरी तास कोर्सवर घ्यावा, असे मी सरांना सुचवले आहे. संध्याकाळी सहानंतरच्या वेळेत शेजारच्या बेमध्ये (फटके मारण्याच्या कप्प्यात) मुलांचा वर्ग चालतो आणि सरांचे लक्ष विभागले जाते, म्हणून शक्य असेल त्यांनी सकाळची वेळ घ्यावी. मोबाइलवर काढलेले व्हिडिओ मला दोन वेळा आठवडाभर उशिरा मिळाले. तोपर्यंत त्या दिवशी नेमके काय चुकले होते ते मी विसरलो होतो.

आठव्या तासाला पुन्हा पहिल्या दिवसासारखे मोजमाप झाले. ७ नंबरचा पाथ आता सरासरी २ अंश डावीकडे आहे आणि फेस लक्ष्यापासून एका अंशाच्या आत असतो. ऐकायला हे लहान वाटेल, पण २०० मीटरवर दिशेतला एक अंश म्हणजे साडेतीन मीटर, आणि चेंडूचे वळणे त्याहून वेगळे. आयर्नचा चेंडू अजून किंचित उजवीकडे झुकतो. तो फेड (उजवीकडचे हलके वळण) मी आता गृहीत धरून खेळतो आणि त्याची भीती वाटत नाही. ड्रायव्हरचे दुखणे मात्र शिल्लक आहे. शेवटच्या दिवशी फेसवर पावडर फवारून पाहिले तेव्हा चेंडूच्या खुणा टाचेकडे आढळल्या, आणि ड्रायव्हरचा चेंडू टाचेकडे लागला की फेस सरळ असूनही तो उजवीकडे वळतो. म्हणजे तेथे फेस सुधारून भागणार नाही, चेंडूपासून उभे राहण्याचे अंतर सुधारावे लागेल. त्यासाठी पुढच्या महिन्यात मी आणखी दोन तास ठरवले आहेत, सकाळी सातचे.